आईचे ताट, बाळाची घडण

घरात नवी सून आली, की सल्ले सुरू होतात. हे खा, म्हणजे मुलगा होईल. ते खाऊ नको, मुलगी होईल. आपलं आरे-वारे घ्या नाहीतर दुसरं कुठलं गाव घ्या, हे ऐकू येतंच. लागोपाठ दोन मुली झाल्या, की बोल सुनेला लागतो. हा बोल खरा आहे का?

बाईच्या बीजात ‘एक्स’ नावाचे गुणसूत्र असते. पुरुषाच्या काही बीजांत ‘एक्स’ असते, काहींत ‘वाय’. बाईच्या बीजाला ‘एक्स’ मिळाले तर मुलगी. ‘वाय’ मिळाले तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी १९०५ साली किड्यांवर अभ्यास करून हे दाखवलं. म्हणजे दोष सुनेचा नाही. नवऱ्याचाही नाही. कारण कोणतं बीज पुढे जाईल, हे त्याच्या हातात नसतं.

मग जेवणाने काहीच होत नाही का? २००८ साली विलायतेत ७४० बायकांचा आहार पाहिला. जास्त खाणाऱ्यांना मुलगे थोडे अधिक झाले. पण दुसऱ्या जाणकारांनी आकडे तपासले. ते म्हणाले, हा नुसता योगायोगही असेल. तेव्हा मुलगा होण्याचं औषध म्हणून कोणी पुडी दिली, तर पैसे देऊ नका. गर्भाचे लिंग तपासणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

जेवणाने ठरते ती बाळाची घडण. आणि ती फार लवकर सुरू होते. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो, ती पहिल्या २८ दिवसांतच मिटते. तेव्हा दिवस गेल्याचं पुष्कळ बायकांना कळलेलंही नसतं. या कामाला फॉलिक आम्ल लागतं. म्हणून मूल हवं असं ठरलं, की आधीच दवाखान्यात जाऊन त्याच्या गोळ्या मागाव्यात.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या ६ गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. ज्या बायका पालेभाज्या आणि फळे वरचेवर खात, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. मुंबईत पुढे बायकांना दिवस जाण्याआधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. सगळ्यांच्या बाळांचं वजन काही वाढलं नाही. पण गरोदरपणातला मधुमेह बराच कमी झाला.

आपल्याकडे काय कमी आहे? परसात शेवगा आहे, माठ आहे. समुद्रात बांगडा आहे, तारली आहे. पालेभाजीत नसलेलं बी-१२ जीवनसत्त्व माशांत, अंड्यांत आणि दुधात मिळतं. उणीव आहे ती वाढण्यात. बापये आधी जेवतात, सून शेवटी. तिच्या ताटात मग उरलासुरला रस्साच येतो.

तेव्हा सगळ्यांनी बरोबर जेवायला बसावं. मासळीची तुकडी सुनेलाही वाढावी. आणि मुलगी झाली, तरी तितकाच आनंद करावा.

प्रश्न
१. मुलगा की मुलगी, हे कशावरून ठरते?
२. फॉलिक आम्लाच्या गोळ्या कधीपासून घ्याव्यात?
३. तुमच्या घरी शेवटी कोण जेवते?