मौन आणि संमती : कुकीच्या निमित्ताने

'मौन म्हणजे संमती' असे आपण व्यवहारात सहज बोलून जातो. लग्नाच्या बोलण्यात मुलगी खाली मान घालून गप्प बसली की वडीलधारी मंडळी तिचा होकार गृहीत धरीत आणि साखरपुड्याची तारीख काढीत, हे आपल्यापैकी पुष्कळांनी आजीच्या तोंडून ऐकले असेल. संमतीचा हा जुना प्रश्न आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिवसातून दहा वेळा आपल्यापुढे उभा राहतो. संकेतस्थळ उघडताच एक चौकट वर येते, 'आम्ही कुकीज वापरतो' असे सांगते आणि आपण ती न वाचताच 'मान्य' हे बटण दाबून मोकळे होतो. या होकाराला संमती म्हणावे काय, एवढ्याच प्रश्नाचा विचार मी प्रस्तुत लेखात करणार आहे.

प्रथम कुकी म्हणजे काय ते पाहू. संकेतस्थळ चालविणाऱ्या दूरच्या संगणकाला मुळात स्मरणशक्ती नसते. पान मागणारा प्रत्येक जण त्याला नवाच. देवळाबाहेर चपला सांभाळणारा मनुष्य आपला चेहरा लक्षात ठेवीत नाही, तो क्रमांकाचा बिल्ला देतो. कुकी हा असाच बिल्ला होय. थोड्या अक्षरांचा हा मजकूर आपल्याच यंत्रात ठेवला जातो आणि पुढच्या प्रत्येक भेटीत ब्राउझर तो परत दाखवितो. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने १९९४ साली ही युक्ती योजली. पहिली वस्तू निवडून दुसऱ्या पानावर गेलो तरी पहिली आपल्या टोपलीत राहते, ती या बिल्ल्यामुळेच. येथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

घोटाळा पुढे आहे. त्याच पानावर एखाद्या जाहिरात कंपनीचाही तुकडा बसविलेला असतो आणि तीही गुपचूप आपला बिल्ला देते. हीच कंपनी हजारो संकेतस्थळांवर हजर असते. समजा, गावातील प्रत्येक देवळाबाहेर, दवाखान्याबाहेर आणि सावकाराच्या दाराशी एकच मनुष्य बसला आहे व सर्वत्र तोच बिल्ला तपासतो आहे. त्याला आपले नाव ठाऊक नसेल. पण आपला देव, आपले दुखणे आणि आपले कर्ज या तिन्ही गोष्टी त्याला कळतील.

युरोपीय संघाने या बाबतीत २००२ साली निर्देश काढला आणि २००९ च्या दुरुस्तीने आधी संमती घेणे आवश्यक केले. टोपलीसारख्या अत्यावश्यक कुकीला त्यातून सूट आहे. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण नियमावलीने संमतीची व्याख्या अधिक कडक केली. तथापि खरा कस लागला तो प्लॅनेट ४९ या खटल्यात. जर्मनीतील या कंपनीने सोडतीच्या पानावर कुकीच्या चौकोनात बरोबरची खूण आधीच करून ठेवली होती. नको असेल त्याने ती काढावी! १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठरविले की अशी खूण ही संमतीच नव्हे. कुकी किती काळ राहणार व ती कोणा तिसऱ्याच्या हाती जाणार काय, हेही सांगितले पाहिजे. आपल्या 'मौन म्हणजे संमती' या म्हणण्याला याहून सरळ उत्तर मला अन्यत्र आढळले नाही.

कंपन्याही हुशार. 'मान्य' एका बोटाच्या अंतरावर आणि नकार तीन पानांच्या आड, अशी रचना रूढ झाली. फ्रान्समधील सी. एन. आय. एल. या नियामक मंडळाने ३१ डिसेंबर २०२१ च्या निर्णयांनी याच कारणावरून गूगलला १५ कोटी व फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला. नकार होकाराइतकाच सोपा हवा, हे तत्त्व मला या सर्व प्रकरणाचा गाभा वाटते.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम झाला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. अधिनियमात 'कुकी' हा शब्द कोठेही नाही, परंतु कुकीतून व्यक्तिगत माहिती गोळा होत असेल तर तो तिला लागू पडतो. संमती मुक्त, बिनशर्त व निःसंदिग्ध हवी, स्पष्ट होकारार्थी कृतीने दिलेली हवी आणि ती देण्याइतकेच मागे घेणेही सोपे हवे, असे कलम ६ सांगते. (व्यक्तीचा उल्लेख या कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात सर्वत्र स्त्रीलिंगी सर्वनामाने केला आहे, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावे.) मात्र पुढच्याच कलमात, एखाद्याने स्वतःहून माहिती दिली व नकार कळविला नाही, तर ठरलेल्या हेतूसाठी ती वापरता येते, अशी वाट ठेवली आहे. औषधाच्या दुकानात पावतीसाठी दिलेला दूरध्वनी क्रमांक हे त्याचे उदाहरण. तेवढ्यापुरते ते रास्त आहे. पण दाराबाहेर काढलेले मौन खिडकीतून पुन्हा आत आले, असे मला राहून राहून वाटते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला संमती म्हटले की १८९१ चा संमतिवयाचा वाद आठवतो. वयाचा प्रश्न येथेही आहेच. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती या कायद्याने आवश्यक ठरविली आहे. म्हणजे आपल्याच आवारात अकरावी-बारावीत शिकणारे बहुतेक जण या तरतुदीत येतात.

हे सारे मोठ्या कंपन्यांपुरते आहे असे समजू नये. माझी मावशी दिवाळीचा फराळ करून विकते. तिच्या संकेतस्थळावर युरोत किंमती आहेत आणि जर्मनीतील मराठी कुटुंबांना ती डबे पाठविते. तेव्हा युरोपची नियमावली तिलाही लागू होते. "अगं, मी चकल्या विकते, मला कोणाची माहिती घेऊन काय करायचंय?" असे ती म्हणाली. परंतु संकेतस्थळ बांधून देणाराने त्यात जाहिरात कंपनीची कुकी बसवून ठेवलेली होती. नव्या कायद्यानुसार सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागणार आहे, म्हणून मी तिला मराठीत मजकूर लिहून दिला : 'तुमची टोपली लक्षात ठेवण्यासाठी आम्ही एक खूण तुमच्या यंत्रात ठेवतो. जाहिरातीसाठी दुसरी खूण ठेवू काय?' त्याखाली 'हो' आणि 'नको' ही एकाच आकाराची दोन बटणे. ती दुसरी खूण मुळातच काढून टाकावी की ठेवावी, यावर मात्र मावशीचे व माझे अद्याप एकमत झालेले नाही.