धुऱ्यावरचे गवत आणि स्क्रब टायफसचा ताप



शिरपूर जैन परिसरात सोयाबीनची सोंगणी सुरू होते, त्याच सुमारास धुऱ्यावरचे गवतही कापणीला येते. चौघे जण एकाच धुऱ्यावर गवत कापतात आणि दहा-बारा दिवसांनी त्यातील एकालाच कडक ताप चढतो, असे घडू शकते. असे का होते, हे समजून घेतले तर हा ताप बराचसा टाळता येईल.

सन २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत स्क्रब टायफसचे अनेक रुग्ण आढळले, काही दगावलेही. हा रोग हवेतून, पाण्यातून किंवा रुग्णाच्या स्पर्शाने पसरत नाही. तो पसरवतो एक सूक्ष्म कोळी. पिकांवरचा लाल कोळी आपण ओळखतोच. हा त्याच्या दूरच्या नात्यातला. मोठा झालेला कोळी जमिनीत राहतो व माणसाला चावत नाही. चावते ते फक्त त्याचे सहा पायांचे पिल्लू, तेही एकदाच. रोगजंतू मादीकडून अंड्यांतून पिल्लांत उतरतात, म्हणून एखाद्या धुऱ्यावर रोग वर्षानुवर्षे टिकतो, तर शेजारचा धुरा कोराच राहतो. उंदीर या पिल्लांना पोसतात.

पिल्लू अंगावर चढताच रोग होत नाही. ते मऊ कातडी शोधते आणि काही तास चिकटून राहते. चौघांतील फरक इथेच पडतो. कोणी पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो, कोणी उघड्या अंगाने काम करतो. कोणी शिदोरी गवतावरच बसून खातो व तेथेच आडवा होतो. कोणी घरी येताच साबणाने अंग घासून धुतो, तर कोणी त्याच कपड्यांवर झोपतो. माझ्या मते सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय ही संध्याकाळची अंघोळच. कामाचे कपडे गवतावर वाळत टाकू नयेत.

शरीराचाही वाटा आहे. वयस्कर व आधीपासून आजारी माणसाला हा ताप जड जातो. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असेही नाही. याउलट चांदीपुरा विषाणू पाहा. तोही विदर्भातलाच, सन १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी सापडलेला. तो वाळूमाशीतून पसरतो व मुख्यतः पंधरा वर्षांखालील मुलांना गाठतो. वाहक वेगळा, म्हणून बळी वेगळा आणि उपायही वेगळा.

ताप, डोकेदुखी व अंगदुखी असेल तर अंगावर विडीच्या चटक्यासारखी काळी खपली शोधावी. ती दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. प्रत्येकाला दिसेलच असेही नाही. काख, जांघ, कमरेला साडी किंवा नाडी आवळते ती जागा, स्तनांखालची घडी येथे ती सापडते. निंदण-सोंगणी करणाऱ्या भगिनी संकोचाने ती दाखवत नाहीत आणि तेथेच मोलाचे दिवस जातात. उपचाराविना शंभरात तीसपर्यंत रुग्ण दगावू शकतात. वेळेवर दिलेल्या डॉक्सीसायक्लिनने बहुतेकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. मात्र औषध मनाने घेऊ नये. गर्भवतीला सहसा दुसरे औषध देतात, तेव्हा दिवस गेले असल्यास तसे सांगावे. मागील तीन आठवड्यांत गवतात काम केले होते, हेही डॉक्टरांना न विचारता सांगावे.