जर्मनीचे नवे परवाना-नियम आणि आपला कुशल कामगार

नागपुरातून परदेशी नोकरीस जाणारा म्हणजे अभियंता आणि परदेश म्हणजे अमेरिका, असे समीकरण आपल्याकडे बरीच वर्षे रूढ होते. अमेरिकेने १९९० च्या कायद्यान्वये अशा परवान्यांची संख्या वर्षाला ६५ हजारांवर मर्यादित केली. पुढे तेथील विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठी आणखी २० हजारांची सोय झाली. सप्टेंबर २०२५ मधील घोषणेने परदेशातून नव्याने येणाऱ्यांच्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसले.

जर्मनीची पावले याच सुमारास उलट दिशेने पडली. तेथे वृद्धांचे प्रमाण वाढत असून कारखाने, इस्पितळे आणि बांधकामे यांना माणसे पुरत नाहीत. म्हणून कुशल कामगारांच्या प्रवेशाचा कायदा १ मार्च २०२० पासून अमलात आला आणि नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या अवधीत तो तीन टप्प्यांनी सैल करण्यात आला. भारतीय कुशल कामगारांचे वार्षिक परवाने २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जर्मन सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. तत्पूर्वी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला होता. पहिल्या टप्प्यात १० हजार तरुण पाठविण्याचा त्यात संकल्प होता.

आकडे मोठे आहेत, परंतु गावातील पालकाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा निराळाच आहे. मार्च २०२४ पासून लागू झालेल्या सवलतींचा लाभ घेण्यास उमेदवाराचे शिक्षण स्वदेशात शासनमान्य आणि किमान दोन वर्षांचे असावे लागते. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. संधाता, नळ कारागीर, सुतारकाम हे मात्र एका वर्षाचे. म्हणजे एकाच संस्थेतून एकाच दिवशी प्रमाणपत्र घेतलेल्या दोन मित्रांपैकी एकास ही वाट मोकळी, दुसऱ्यास बंद. दुसऱ्याने जर्मन भाषा चांगली शिकून तेथे शिकाऊ उमेदवार म्हणून प्रवेश मिळविणे, हा मार्ग उरतो. तो लांबचा आहे, पण खोटा नाही.

हिंगणा तालुक्यातील एका गावी अशाच नळ कारागिराचे वडील प्रस्तुत लेखकास भेटले. एका मध्यस्थाने त्यांच्याकडून दीड लाख रुपये मागितले होते, निम्मे घेतलेही होते आणि उरलेल्यांसाठी एक एकर विकण्याचा विचार चालला होता. मुलाचा अभ्यासक्रम किती वर्षांचा, हे त्या मध्यस्थाने विचारलेदेखील नव्हते! परदेशी नोकरी मिळवून देणाऱ्या मध्यस्थाने १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी केलेली असणे बंधनकारक आहे. त्याने उमेदवाराकडून घ्यावयाचा सेवा-आकार ३० हजार रुपये व त्यावरील कर यांपलीकडे जाता कामा नये. ग्रामसभेत एवढी माहिती वाचून दाखविली, तरी पुष्कळ जमिनी वाचतील.

‘संधी-पत्र’ म्हणून जून २०२४ पासून मिळू लागलेल्या परवान्याविषयीही गैरसमज फार आहेत. ती नोकरी नव्हे. गुणांच्या हिशेबावर एक वर्ष तेथे राहून काम शोधण्याची ती मुभा आहे. त्या काळातील निर्वाहापुरते पैसे स्वतःजवळ असल्याचे दाखवावे लागते आणि आठवड्यास वीस तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते. परिचारिकांचे नियम आणखी कडक आहेत: पदवी वा पदविकेस मान्यता मिळाल्याखेरीज आणि रुग्णाशी नीट बोलता येईल इतकी जर्मन आल्याखेरीज पूर्ण परिचारिका म्हणून काम करता येत नाही.

शिक्षक आणि ग्रामसेवक यांच्या हाती एक साधे काम आहे. आपल्या शालान्त गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम येते, पारपत्रावर ते वेगळ्या रकान्यात जाते. त्यात वडिलांच्या नावाचे स्पेलिंग दाखल्यावर एक, प्रमाणपत्रावर दुसरे. नागपूरच्या पारपत्र कार्यालयात जाण्यापूर्वी हे तपासून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून पारपत्रासाठी जन्म-प्रमाणपत्रच द्यावे लागणार आहे. ती नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात आज होत आहे.