घरातली गोष्ट घरातच?



घरात मारहाण झाली की आधी मामा, मग गावातला जाणता माणूस आणि शेवटी फादर, असा आपल्याकडचा क्रम. ‘पोलीस नकोत, फादर, तुम्हीच समजवा, झाकली मूठ सव्वा लाखाची,’ हे वाक्य आम्हाला पाठ झाले आहे. सोबत संत मत्तयचा अठरावा अध्यायही पुढे केला जातो: बंधू चुकला तर आधी त्याला एकांतात सांगावे. पण हा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. तो लहान मुलापासून सुरू होतो. लहानग्यांना अडखळवणाऱ्याला दिलेला जात्याच्या तळीचा इशारा आधी येतो, एकांतातली समजूत नंतर. समजूत बरोबरीच्या माणसांत होते. काठी आणि घराची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्यापुढे आठ वर्षांचे लेकरू बरोबरीचे कसे?

वळ नेहमी दिसतातच असे नाही. एखादी बाई दर महिन्याला ‘मोरीत घसरले’ म्हणते, नवरा शेजारी असल्याशिवाय माहेरी फोन करत नाही, मजुरीचे पैसे तिच्या हाती उरत नाहीत. 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा अपमान आणि पैशांची अडवणूक यांनाही हिंसाच म्हणतो. मूल अचानक अंथरूण ओले करू लागते, एकाच नातलगाकडे जायला रडते. एवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही, पण विचारपूस करायला हे पुरेसे आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचे आईबाप ऊसतोडीला जातात तेव्हा मुले नातलगांकडे राहतात. बहुतेक नातलग मायेनेच सांभाळतात. तरी त्या महिन्यांत शेजाऱ्यांनी लक्ष ठेवावे.

मुलाने काही सांगितले तर शांतपणे ऐका, ‘तुझी चूक नाही’ म्हणा, त्याचेच शब्द लिहून ठेवा. खोदून विचारू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका आणि संशयिताला बोलावून शहानिशा तर मुळीच करू नका.

लैंगिक अत्याचार असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, नुसती शंका असली तरी. मोठ्या माणसाने लपवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर खटला चालत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशाविना घेते.

आरोप धर्मगुरूवर असला तरी हेच लागू. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये धर्मगुरू व व्रतस्थांवर अशी माहिती धर्माधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन घातले. पण बिशपांना कळवले म्हणजे पोलिसांना कळवायचे राहिले तरी चालते, असे नाही.

मुलांसाठी 1098 हा फोन रात्रंदिवस मोफत आहे. नगरकरांना तो स्नेहालयाच्या कामामुळे ओळखीचा. 2023 पासून ही सेवा शासन चालवते. महिलांसाठी 181, जिवावर बेतले तर 112. मार खाणाऱ्या बाईसाठी शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्यावरून तिला मनमानीने बाहेर काढता येत नाही. हे तिला आजच सांगा, पण नवरा जवळ नसताना.