शब्दओळख : ‘बल्ज’ म्हणजे भिंतीला आलेले पोट



इंग्रजीच्या तासाला बाईंनी फळ्यावर ‘बल्ज’ हा शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. मागच्या बाकावरून उत्तर आले, “जाड होणे!” सगळे हसले. शब्दकोशात पाहिले तर ‘फुगवटा’ असा अर्थ दिलेला. तोही मला पुरता पटला नाही. फुगा फुगतो तो चारी बाजूंनी. भाकरी फुगते तीही सगळीच्या सगळी. बल्ज बहुतेक वेळा एका जागी येतो. आतून काहीतरी रेटते आणि बाहेरची बाजू तेवढीच पुढे येते.

माझ्या आजीला इंग्रजी येत नाही, पण तिच्याकडे याला नेमका शब्द होता. आमच्या घराची मागची भिंत जुनी, दगडमातीची. गेल्या श्रावणात आजी परसात भांडी घासत होती, ती एकदम ओरडली, “अरे, भिंतीला पोट आलंय!” बाबा म्हणाले, “आई, ती पहिल्यापासून तशीच आहे.” आजी ऐकेना. तिने आळीतल्या गवंडीकाकांना बोलावले. त्यांनी भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. भिंत सरळ असती तर दोरी वरपासून खालपर्यंत तिच्यालगत राहिली असती. पण दोरी मध्येच भिंतीला टेकली आणि खाली ओळंबा भिंतीपासून चार बोटे लांब लोंबत राहिला.

काकांनी कारण सांगितले. अशा भिंतीत दोन्ही अंगांना दगड आणि मध्ये माती-खडीची भर असते. वरून पाणी मुरले की भर भिजून जड होते, दगडांमधली माती सुटते, आणि भर बाहेरच्या दगडांना ढकलू लागते. वरून गिलावा केला तर पोट जात नाही, फक्त दिसेनासे होते. (हे वाक्य पालकांनी दोनदा वाचावे.)

त्या रात्रीपासून माझे अंथरूण पुढच्या खोलीत गेले. मला रागच आला होता, कारण तिथे डास फार. पाचव्या रात्री मोठा आवाज झाला. भिंतीचा बाहेरचा थर परसात कोसळला होता आणि आतले दोन धोंडे, मी जिथे झोपायची तिथेच, पडले होते. कोणाला लागले नाही.

आता शब्द वापरायचा कसा ते पाहू. ‘बल्ज’ हे नामही आहे आणि क्रियापदही. “द वॉल हॅज अ बल्ज” म्हणजे भिंतीला पोट आले आहे. “हिज पॉकेट वॉज बल्जिंग” म्हणजे त्याचा खिसा फुगला होता. बोरांच्या दिवसांत आपल्या वर्गात असे खिसे पुष्कळ दिसतात! डोळे खोबणीतून पुढे आलेले दिसले तरी हाच शब्द चालतो. विटी लागून कपाळावर टेंगूळ आले तर त्याला ‘स्वेलिंग’ किंवा ‘बम्प’ म्हणणे बरे.

हा शब्द आला कुठून? लॅटिन भाषेत ‘बुल्गा’ म्हणजे चामड्याची पिशवी. आपल्याकडची पखाल आठवा. भरली की तिचे पोट कसे बाहेर येते! तोच शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. गंमत म्हणजे त्याच फ्रेंच शब्दाच्या धाकट्या रूपापासून, म्हणजे लहान पिशवीपासून, ‘बजेट’ हा शब्द झाला. ती पिशवी भरलेली की रिकामी, ते मोठ्यांनाच ठाऊक.

वसईच्या किल्ल्याचे बुरूज तटाच्या बाहेर आलेले आहेत. त्यांना बल्ज म्हणावे का? मला वाटते, नाही. तटाला चिकटलेल्या शत्रूवर बाजूने मारा करता यावा म्हणून ते मुद्दाम तसे बांधले. भिंतीचे पोट कोणी बांधत नाही. त्या भक्कम तटालाही १७३९ साली चिमाजीअप्पांच्या सैन्याने सुरुंग लावून खिंडार पाडले आणि मे महिन्यात किल्ला घेतला.

आपली पृथ्वीसुद्धा स्वतःभोवती फिरत असल्यामुळे मध्यावर थोडी फुगलेली आहे. विषुववृत्तावरचा तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त आहे, म्हणजे साधारण विरार ते सांताक्रूझ एवढा. इंग्रजीत याला ‘इक्वेटोरियल बल्ज’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४४ मध्ये, जर्मन सैन्याने बेल्जियमच्या बाजूला मुसंडी मारली तेव्हा नकाशावरची लढाईची रेघ एका ठिकाणी पोटासारखी पुढे आली. म्हणून त्या लढाईचे नावच ‘बॅटल ऑफ द बल्ज’ पडले.

घरातही बल्ज सापडतो. बंद डब्यातले अन्न नासले की आत वायू होतो आणि डब्याचे झाकण फुगते. तसला डबा उघडून चाखू नका, वास चांगला आला तरी. मोबाइलची बॅटरी फुगली असेल तर तो चार्जिंगला लावू नका. बॅटरी दाबून सपाट करायला तर मुळीच जाऊ नका. ती पेट घेऊ शकते.

आपल्या वर्गात कोणाच्या घरी कादोडी बोलतात, कोणाच्या घरी वाडवळी, कोणाच्या कोळी, कोणाच्या वारली. भिंतीला पोट आले तर तुमच्या घरी काय म्हणतात ते आजी-आजोबांना विचारा आणि शनिवारपर्यंत कागदावर लिहून बाईंकडे द्या. पुढच्या अंकात एक कोपरा त्यासाठी मोकळा ठेवला आहे.

— इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी