सातासमुद्रापलीकडचे बिऱ्हाड

‘बिऱ्हाड’ हा आपल्या मराठीतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. घर म्हटले म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची वास्तू, अंगण आणि देवघर डोळ्यांसमोर उभे राहते. बिऱ्हाड म्हटले म्हणजे चार भांडी, दोन वळकट्या आणि ‘आज येथे, तर उद्या तेथे’ असा संसार आठवतो. कोकणातील चाकरमानी गिरणीत काम करण्यासाठी मुंबईस आला, तेव्हा त्याने लालबाग-परळच्या चाळींत असेच बिऱ्हाड केले. त्याच मुंबईच्या किनाऱ्यावरून कित्येकांनी पुढे समुद्र ओलांडला आणि लंडनसारख्या परक्या महानगरात आपला संसार मांडला. तेथे त्यांचा दिवस कसा जातो, त्यांना नवे काय शिकावे लागते आणि जुने काय जपावे लागते, हे आपण या पाठात पाहू.

लंडनला जाणे ही एके काळी साधी गोष्ट नव्हती. दादाभाई नौरोजी १८५५ साली व्यापाराच्या निमित्ताने तेथे गेले, तेव्हा सुवेझचा कालवा खुला व्हावयाचा होता. तो १८६९ साली खुला झाला. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे मुंबईहून निघालेल्या प्रवाशास आगबोटीने विलायतेस पोहोचण्यासाठी सुमारे तीन आठवडे लागत. पत्र पाठवावे आणि उत्तराची वाट पाहत कित्येक आठवडे काढावेत, अशी रीत होती. १९०५ साली श्यामजी कृष्णवर्मा यांनी हायगेट भागात ‘इंडिया हाउस’ हे भारतीय विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. दुसऱ्याच वर्षी विनायक दामोदर सावरकर तेथे राहावयास आले. त्या काळी बहुतेक तरुण शिक्षणासाठी जात आणि ते संपवून परत येत. स्वातंत्र्यानंतर डॉक्टर, परिचारिका, अभियंते आणि कारागीर नोकरीसाठी जाऊ लागले आणि पुष्कळजण तेथेच स्थायिक झाले. आज विमानाने मुंबईहून लंडन अवघ्या नऊ-दहा तासांवर आले आहे. २०२१ सालच्या जनगणनेप्रमाणे लंडनमधील दर दहा रहिवाशांपैकी चार जणांचा जन्म ब्रिटनबाहेर झालेला होता आणि त्यांत भारतात जन्मलेल्यांची संख्या तीन लाखांहून अधिक होती.

नव्याने आलेल्या माणसाची पहिली गाठ पडते ती तेथील सूर्याशी. आपल्याकडे दिवस आणि रात्र यांच्या लांबीत वर्षभर फारसा फरक पडत नाही. लंडन मात्र विषुववृत्तापासून पुष्कळ उत्तरेस आहे. त्यामुळे डिसेंबर महिन्यात तेथे सकाळी आठच्या सुमारास सूर्य उगवतो आणि दुपारी चार वाजण्यापूर्वीच मावळतो. मुले शाळेतून घरी येतात, तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. याउलट जून महिन्यात रात्रीचे नऊ वाजून गेले तरी खिडकीत ऊन असते. मुलांना झोपवताना आया जाड पडदे ओढून घेतात आणि ‘रात्र झाली’ अशी त्यांची समजूत घालतात. घड्याळही वर्षातून दोनदा बदलते. मार्च महिन्याच्या शेवटच्या रविवारी सर्व घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे आणतात. म्हणून हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, तर उन्हाळ्यात साडेचार तास. सांगलीस किंवा साताऱ्यास राहणाऱ्या आईला मुलाची वेळ नेमकी ठाऊक असते. तिच्या भिंतीवर घड्याळ एकच असले, तरी मनात दोन घड्याळे चालू असतात.

दिवसाचा आरंभ होतो तो धावपळीने. लंडनची भुयारी रेल्वे ही जगातील पहिली भुयारी रेल्वे होय. १८६३ साली पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत ती प्रथम सुरू झाली, तेव्हा जमिनीखालून वाफेची एंजिने धावत असत. आज तिची पावणेतीनशेच्या आसपास स्थानके आहेत. खोल स्थानकांत उतरण्यासाठी सरकते जिने असतात. या जिन्यावर उभे राहावयाचे असेल तर उजव्या बाजूस उभे राहावे आणि घाईने चालणाऱ्यांसाठी डावी बाजू मोकळी ठेवावी, असा तेथे रिवाज आहे. नवखा माणूस जिन्याच्या मधोमध उभा राहतो. मागून कोणी हळूच ‘क्षमा करा’ म्हणतो आणि तो चटकन बाजूस सरकतो. येथेच त्याचा पहिला धडा पूर्ण होतो! बसच्या थांब्यावर दोनच माणसे असली तरी आधी कोण आले, याची त्या दोघांनाही आठवण असते. मुंबईच्या लोकल गाडीत शरीरबळाने जागा मिळवण्याची सवय असलेल्यास आरंभी हे संथ वाटते. परंतु म्हातारे, अपंग आणि लहान मुले या शिस्तीमुळेच निर्धास्तपणे प्रवास करू शकतात, हे थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात येते.

घरात आल्यावर दुसरा धडा सुरू होतो. आपल्याकडे मध्यम स्थितीतील कुटुंबातही धुण्याभांड्यांस बाई असते. लंडनमध्ये मोलाने मिळणारा मनुष्यबळाचा प्रत्येक तास महाग असतो. त्यामुळे केर काढणे, भांडी घासणे, कपड्यांना इस्त्री करणे, भिंतीला रंग देणे, ही सर्व कामे घरच्या माणसांनाच करावी लागतात. मोठ्या हुद्द्यावरचा मनुष्यही संध्याकाळी बाह्या सरसावून मोरीतील भांडी घासतो आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. कचरादेखील वाटेल तसा टाकून चालत नाही. कागद, काच आणि डबे वेगळे, उष्टे-खरकटे वेगळे, अशी वर्गवारी करून स्थानिक परिषदेने नेमून दिलेल्या दिवशी तो दाराबाहेर ठेवावा लागतो. ज्या मुलाने आपल्या गावी कधी पाण्याचा तांब्याही उचलला नाही, तो येथे सहा महिन्यांत घरकामात तरबेज होतो. श्रमाची लाज गेली की माणूस मोकळा होतो, हा या बिऱ्हाडाचा मोठाच लाभ आहे.

स्वयंपाकघरात मात्र महाराष्ट्र नांदत असतो. साउथॉल, वेम्बली, हाउन्स्लो अशा उपनगरांत भारतीय वाण्यांची दुकाने आहेत. तेथे तुरीची डाळ, पोहे, कढीलिंब, कोथिंबीर, नारळ असे सगळे मिळते. कोकणचा हापूस आंबाही मे महिन्यात तेथे पोहोचतो. फळमाशीच्या भीतीने २०१४ साली युरोपीय संघाने भारतीय आंब्यांना बंदी केली होती, तेव्हा कित्येक मराठी घरांत अक्षय्य तृतीयेनंतरचे दिवस सुनेसुने गेले. पुढे निर्यातीच्या व्यवस्थेत सुधारणा झाली आणि २०१५ साली ती बंदी उठली. फोडणी देताना मात्र गृहिणीला सावध राहावे लागते. थंडीमुळे खिडक्या बंद असतात, धूर झाला की छतावरील धोक्याची घंटा कर्कश वाजू लागते आणि शेजारी दचकतात.

या शेजाऱ्यांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. लंडनमधला शेजारी आपल्या चाळीतल्या शेजाऱ्यासारखा न विचारता घरात येत नाही. तो हवेविषयी बोलतो, आणि पगाराविषयी किंवा लग्नाविषयी कधीच विचारीत नाही. नव्या माणसास हा तुटकपणा वाटतो आणि पहिल्या हिवाळ्यात एकटेपणा त्याला अगदी खाऊन टाकतो. परंतु एखाद्या सकाळी बर्फ पडलेले असते आणि तोच शेजारी आपल्या दारापुढचा बर्फ काढता काढता आपल्या पायरीवरचाही काढून टाकतो. आपुलकी व्यक्त करण्याच्या रीती देशोदेशी निराळ्या असतात. ती रीत ओळखावयास शिकणे, यालाच दुसरा देश समजणे असे म्हणतात.

तथापि परदेशातील सर्वच अनुभव गोड असतात असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर आशिया, आफ्रिका आणि वेस्ट इंडीज येथून आलेल्या लोकांना लंडनमध्ये भाड्याने खोली मिळणे अत्यंत कठीण होते. ‘गौरेतरांस जागा नाही’ अशा अर्थाच्या पाट्या खिडक्यांतून लावलेल्या असत. खिशात पैसे आहेत, नोकरी आहे, वर्तन निष्कलंक आहे. पण कातडीचा रंग पाहून दार बंद होते! याविरुद्ध लोकांनी दीर्घकाळ आवाज उठवला. १९६५ साली ब्रिटिश पार्लमेंटने सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करण्यास कायद्याने मनाई केली. १९६८ साली नवा कायदा करून ती मनाई घरे आणि नोकऱ्या यांनाही लागू केली. कायद्याने मनातील विष एका दिवसात नाहीसे होत नाही. परंतु खिडकीतली पाटी मात्र उतरली.

हे वाचून दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वी आपण आणखी एक हकीकत लक्षात ठेवली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली अमेरिकेतून उच्च शिक्षणासाठी लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना परत यावे लागले आणि ठरल्याप्रमाणे ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परदेशांतील विद्यापीठांत शिकून आलेल्या या विद्वानाला आपल्याच देशातील त्या शहरात राहावयास जागा मिळेना, कारण ते अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मले होते. एका सराईत त्यांनी आसरा घेतला. पण तेथूनही त्यांना जमावाने बाहेर काढले. मग एका सार्वजनिक बागेत बसून त्यांनी कित्येक तास घालवले आणि डोळ्यांत अश्रू घेऊन ते शहर सोडले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथील दिवस हालाचे होते. अपुरे अन्न खाऊन ते दिवसभर ब्रिटिश संग्रहालयाच्या ग्रंथालयात वाचीत बसत. १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. ही पदवी दिली. ‘१० किंग हेन्रीज रोड’ या ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहत होते, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि तेथे त्यांचे स्मारक केले. परका कोण आणि आपला कोण, हे नुसत्या नकाशावरून ठरत नाही, हेच ते घर आपल्याला सांगते.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबापुढे याहूनही नाजूक असा एक प्रश्न असतो. तो भाषेचा. मोठ्यांची मराठी सहज टिकते. मुलांचे तसे नसते. शाळा इंग्रजी, खेळगडी इंग्रजी बोलणारे, गोष्टीची पुस्तके इंग्रजी. आई मराठीत विचारते आणि मूल इंग्रजीत उत्तर देते. मग ‘माझा पुस्तक’, ‘तो पाणी’ असे शब्द ऐकू येऊ लागतात. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंगभेद नाही, आणि मराठीत तर तीन लिंगे! तेव्हा मुलाचा गोंधळ होतो, यात नवल नाही. आरंभी घरातील माणसे कौतुकाने हसतात. परंतु रविवारी गावाकडून आजीचा दूरध्वनी येतो आणि नातवाला तिच्याशी ‘कशी आहेस?’ यापलीकडे काही बोलता येत नाही, तेव्हा ते हसू मावळते. आजीजवळ गोष्टी आहेत, नातवाजवळ कुतूहल आहे; मध्ये पूल मात्र नाही. म्हणूनच कित्येक आईबाप आठवडाभर नोकरी करून सुटीच्या दिवशी मुलांना मराठीच्या वर्गास नेतात. तेथे मुले बाराखडी गिरवतात आणि नाटुकली बसवतात. खेळण्याचा वेळ देऊन शिकलेली ही भाषा त्यांना आजीपर्यंत पोहोचवते.

अशा सर्व कुटुंबांना एकत्र आणणारी संस्था म्हणजे लंडनचे महाराष्ट्र मंडळ. १९३२ साली स्थापन झालेल्या या मंडळाची डॉलिस हिल भागात स्वतःची वास्तू आहे. तेथे गणेशोत्सव होतो, नाटके होतात, दिवाळीचा फराळ होतो. सणाला सुटी नसल्यामुळे पुष्कळसे कार्यक्रम शनिवार-रविवार पाहून करावे लागतात. पण म्हणून उत्साह उणा होत नाही. आता तर लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातही दिवाळीचा जाहीर सोहळा होतो आणि नाना देशांचे लोक त्यात सामील होतात.

बिऱ्हाडकरूने केवळ आपले सण साजरे करून भागत नाही. ज्या नगराचे पाणी आपण पितो, त्याच्या कारभारातही आपला वाटा उचलावा लागतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकांना, राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून, तेथील निवडणुकांत मतदान करता येते. दादाभाई नौरोजी तर १८९२ साली लंडनमधील सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून आले होते. तेथे बसून त्यांनी भारताच्या दारिद्र्याची गाऱ्हाणी मांडली. ‘देश तसा वेश’ ही म्हण त्यांनी पाळली, पण वेशाबरोबर अंतःकरण बदलू दिले नाही.

आपल्यापैकी प्रत्येकजण परदेशी जाईलच असे नाही. परंतु दूरदूरच्या गावांतून आणि प्रांतांतून आपल्या शहरांत पोटासाठी आलेली माणसे मात्र आपल्या रोजच्या पाहण्यात असतात. त्यांची भाषा निराळी असते, जेवण निराळे असते आणि त्यांच्या मनातही गावाकडचे एक घड्याळ चालू असते. वर्गात असा एखादा नवा मुलगा आला, तर त्याला बाकावर आपल्याशेजारी जागा करून द्यावी आणि त्याच्या भाषेतील दोन शब्द त्याच्याकडून शिकून घ्यावेत. परमुलखात बिऱ्हाड करणाऱ्याला सर्वांत आधी लागते ती हीच एवढीशी जागा.

स्वाध्याय

१. ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ या शब्दांतील अर्थभेद आपल्या शब्दांत सांगा.
२. लंडनमधील घड्याळे वर्षातून दोनदा का व कशी बदलावी लागतात, हे लेखाच्या आणि आपल्या भूगोलाच्या ज्ञानाच्या आधारे लिहा.
३. परदेशी गेल्यावर श्रमाविषयीची दृष्टी कशी बदलते?
४. ‘परका कोण आणि आपला कोण, हे नुसत्या नकाशावरून ठरत नाही.’ हे वाक्य लेखातील कोणत्या दोन प्रसंगांना लागू पडते ते स्पष्ट करा.
५. पुढील शब्दांचे लिंग ओळखून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा : पाणी, पुस्तक, भाषा, जिना, खिडकी, बर्फ.
६. आपल्या गावात बाहेरून येऊन राहिलेल्या एखाद्या कुटुंबाची दिनचर्या त्यांना विचारून दहा-बारा ओळींत लिहा.