सकाळच्या पहिल्या बटणाला अडणारा पीसी

ओव्हरक्लॉक केलेला पीसी बंद पडतो तो गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर होताना, असा सर्वसाधारण समज आहे. पण अशा यंत्राचा खरा कस लागतो तो रोज सकाळी, पहिल्यांदा बटण दाबल्यावर. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा मात्र काळाच. बटण दाबून धरून बंद केलं आणि पुन्हा चालू केलं की विंडोज सुरळीत येतं आणि मग दिवसभर काही तक्रार नसते.

प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातल्या पीसीने एका हिवाळ्यात हेच सुरू केलं. जोडणी करून देणाऱ्याने डीडीआर४ रॅमचं ३६०० चं एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅम प्रमाणित वेगाच्या वर चालवणारी तयार सेटिंग, लावून दिलं होतं. घरी आलेल्या तंत्रज्ञाने आपल्याकडचा ठरलेला उपाय केला: रॅम काढली, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवला, पुन्हा बसवली. पीसी चालू झाला. थोड्या दिवसांनी पुन्हा नो डिस्प्ले.

खोडरबराचा उपाय खोटा नाही. पट्टीवर मळ किंवा गंज असेल तर तो लागू पडतो. पण ओव्हरक्लॉक केलेल्या पीसीत तो फसवतो. रॅम काढून बसवली की बोर्ड अनेकदा मेमरीची जुळवणी पहिल्यापासून करतो, आणि त्या वेळी ती जमून जाते. श्रेय मिळतं खोडरबराला, दोष तसाच राहतो.

ही जुळवणी, म्हणजे मेमरी ट्रेनिंग, नीट समजून घेतली की निम्मा प्रश्न सुटतो. पीसी चालू होताना बायोस मेमरी कंट्रोलर आणि रॅमच्या चिप यांच्यातला सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा ते मोजून ठरवतं. डीडीआर४ रॅम २१३३ च्या वेगावर असेल तर एका बिटच्या वाट्याला सुमारे ४६९ पिकोसेकंद येतात. ३६०० वर फक्त २७८. चुकायला जागाच उरत नाही. त्यात तापमान बदललं की सिग्नलची वेळ किंचित सरकते, म्हणून गार यंत्रात न जमलेली जुळवणी तेच यंत्र थोडं तापल्यावर जमते. शिवाय आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे. त्यामुळे बोर्डाला एरवी मिळत राहणारी स्टँडबायची वीजही तुटते आणि रोजची सुरुवात अगदी कोरी होते.

‘मी ओव्हरक्लॉकिंग केलेलंच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी बायोस उघडून पाहावं. इंटेलने एक्सएमपी आणलं २००७ मध्ये, आणि कंपनीच्या लेखीसुद्धा ते ओव्हरक्लॉकिंगच आहे. डीडीआर४ चं प्रमाणित व्होल्टेज १.२, एक्सएमपी लावलं की ते बहुधा १.३५ होतं. पाकिटावर छापलेला वेग रॅमच्या चिपना झेपतो, पण आपल्या प्रोसेसरमधल्या कंट्रोलरला आणि बोर्डाला तो झेपेलच याची हमी त्या पाकिटावर नसते.

तेव्हा तपास रॅमपासूनच सुरू करावा. आजच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. पडदा काळा आणि डीरॅमचा दिवा अडकलेला असेल तर एक्सएमपी बंद करून काही दिवस पीसी तसाच वापरावा. दोन रॅम असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात, हेही तेव्हाच तपासावं. तक्रार थांबली तर वेग एकेक पायरी वाढवत न्यावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. डीडीआर५ च्या यंत्रात मात्र घाई नको: नवी रॅम बसवल्यावर पहिल्या जुळवणीला काही मिनिटं लागू शकतात. पुष्कळ जण त्याच वेळी घाबरून वीज तोडतात.

लोगो दिसून विंडोज येताना निळा पडदा पडत असेल, तर संशय प्रोसेसरवरही घ्यावा. ‘प्रोसेसरला ताण देणारं प्राइम९५ रात्रभर चाललं’ हा पुरावा इथे अपुरा आहे. सगळे कोर जुंपले की प्रोसेसर वेग खाली आणतो. विंडोज सुरू होताना उलट एखादाच कोर क्षणभर सर्वोच्च वेगाला जातो, आणि रायझनच्या कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज फार कमी केलेलं असेल तर नेमका तिथेच कोसळतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी शोधाव्यात. तिथली कर्नल पॉवर ४१ ही नोंद एवढंच सांगते की यंत्र नीट बंद झालं नव्हतं. ती दिसली म्हणून लगेच नवा एसएमपीएस घेऊ नये.

विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ तपासापुरतं बंद ठेवावं. ते चालू असलं की शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतं. कर्नलची स्थिती डिस्कवर जपून दुसऱ्या दिवशी परत आणली जाते. रीस्टार्ट करून पाहणं ही तर परीक्षाच नव्हे. वीज तोडून पीसी रात्रभर गार होऊ द्यावा आणि सकाळी चालू करावा, आणि हे बरेच दिवस करावं.

आणि हे सगळं हातात घेण्याआधी बॅकअप घ्यावा, अगदी आधी. काळा पडदा दिसतो तरी. चुकलेला बिट दिसत नाही. त्या हिवाळ्यात लेखकाने बांधून ठेवलेल्या झिप फाइलींपैकी काही पुढे उघडल्याच नाहीत. त्या बनवताना पीसीने एकही सूचना दिली नव्हती. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ मध्ये एक जरी चूक निघाली तरी त्या सेटिंगवर काम करू नये. ‘एकच तर आहे’ हा हिशेब इथे चालत नाही.

व्होल्टेज वाढवून रोग दाबण्याचा मोहही टाळलेला बरा. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर जळाले, तेव्हा एएमडीला नव्या बायोसमधून एसओसी व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालावी लागली. रॅम वेगाने चालावी म्हणून जे व्होल्टेज चढवलं जातं, तेच हे.

कधी कधी दोष आपल्या सेटिंगचा नसतोही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा अनेकांनी आधी आपल्याच ओव्हरक्लॉकिंगला बोल लावला. पुढे इंटेलने जादा व्होल्टेजचं कारण मान्य केलं आणि ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या दुरुस्त्या आणल्या. त्या पुढचं नुकसान रोखतात. आधीच बिघडलेला प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो. ज्यांच्याकडे या पिढ्यांतला प्रोसेसर आहे त्यांनी बायोस अद्ययावत करावं आणि खरेदीचं बिल शोधून ठेवावं, कारण बाधित मॉडेलांच्या बॉक्समधून विकलेल्या प्रोसेसरांची वॉरंटी कंपनीने दोन वर्षांनी वाढवली आहे.